खोडलेल्या मजकुरातली मासोळी

प्रकाशनाच्या कचेरीत सगळे तिला कात्री म्हणत, आणि तेही तोंडावर. लोकांच्या लिखाणातला फापटपसारा छाटण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि ज्यांचा फापटपसारा छाटला गेला त्यांनीच हे नाव पाडलं होतं. तिला त्याचा राग येत नसे. राग यायला बाकी पुष्कळ गोष्टी होत्या. सारखं कुरकुरणारं खुर्चीचं चाक होतं, खिडकीखाली दिवसभर हॉर्न वाजवणारे ट्रकवाले होते, आणि कोणत्याही अडचणीवर "होऊन जाईल" एवढंच म्हणणारे मालक होते.

त्या वर्षी तिच्याकडे कोचबाईंचं आत्मचरित्र आलं होतं. कोचबाई तरुणपणी स्वतः पोहायच्या, पुढे त्यांनी दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं. सत्तरी उलटली तरी आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा. फोनवरही त्या तशाच बोलायच्या, त्यामुळे कात्री रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची आणि शेजारच्या टेबलावर हिशेबनीसांना सगळं आपोआप कळायचं.

पुस्तक चांगलं होतं. बाईंना लिहिता येत होतं, फक्त थांबता येत नव्हतं. म्हणून कात्रीने पहिल्याच भेटीत त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही फाइलीत काय वाटेल ते खोडा, काय वाटेल ते घाला. पण बदलांची नोंद चालू ठेवा. मला दिसलं पाहिजे." कोचबाईंच्या भाचीने त्यांच्या संगणकावर ते बटण दाबून दिलं. तेव्हापासून बाईंनी खोडलेलं प्रत्येक वाक्य फाइलीत लाल होऊन, पोटातून रेघ मारलेल्या अवस्थेत पडून राहायचं. कात्रीने ते वाचून 'स्वीकारा' म्हटलं की मगच ते कायमचं जायचं. खोडलेलं वाचणं हा तिच्या कामाचा भाग होता, आणि वाचून विसरणं हाही.

एक प्रकरण मात्र विसरण्यासारखं नव्हतं. ते होतं रिले शर्यतीचं. कोचबाई आणि त्यांची बहीण एकाच संघात होत्या. तिसरी फेरी कोचबाईंची, शेवटची बहिणीची. कोचबाईंचा हात भिंतीला लागायच्या आधीच बहिणीने उडी मारली आणि संघ बाद झाला. या प्रसंगावर बाईंनी भरभरून लिहिलं होतं. आधी उडीबद्दल, मग बहिणीच्या मिरवण्याच्या हौसेबद्दल, मग तिच्या एकूण स्वभावाबद्दल, आणि मग लहानपणापासूनच्या सगळ्या हिशेबाबद्दल. आणि मग एके दिवशी त्यांनी ती पानंच्या पानं खोडून टाकली होती. लाल रेघ सुरुवातीच्या 'मासोळीने' या शब्दापासून निघाली होती ती पार प्रकरणाच्या शेवटापर्यंत गेली होती.

मासोळी हे बहिणीचं घरातलं नाव. चालायच्या आधी पोहायला लागली म्हणून वडिलांनी ठेवलेलं. पुस्तकभर तेच नाव होतं. दोघी बहिणींचं बोलणं त्या शर्यतीच्या पुढे-मागे कधीतरी जे थांबलं ते थांबलंच. निरोपांची ने-आण बहिणीची मुलगी करायची, म्हणजे तीच भाची. पुस्तकात आपल्यावर लिहिलंय म्हटल्यावर बहिणीची परवानगी हवी होती. ती तिने दिली, पण एका अटीवर.

कोचबाईंनी ती अट फोनवर सांगितली आणि हिशेबनीसांनीही ऐकली.

"म्हणते, मासोळी म्हणायचं नाही! म्हणते, त्या नावाने हाक मारायचा हक्क उरलेला नाही माझा! धाकटी म्हण म्हणते, तेवढं तरी खरं आहे!"

"मग काय करू या?" कात्रीने विचारलं.

"काय करणार? करा धाकटी! मला काय, माझ्यासाठी ती धाकटीच आहे!"

कात्रीला हे ऐकून मनातून बरंच वाटलं. मासोळी आणि धाकटी, दोन्ही शब्द ईकारान्त. मासोळीने, मासोळीला, मासोळीचा. धाकटीने, धाकटीला, धाकटीचा. प्रत्यय जागच्या जागी राहणार, फक्त मुंडकं बदलायचं. असं भाग्य संपादकाच्या वाट्याला सहसा येत नाही. एरवी एखाद्या पात्राचं नाव बदलायचं म्हणजे प्रत्येक विभक्तीशी वेगळी मारामारी.

दुपारी तिने फाइल उघडली. लाल रेघांनी डोळे दुखायला लागले होते, म्हणून खोडलेलं सगळं दिसेनासं करून पान स्वच्छ करून घेतलं. आधी एकदा नुसतं वरवर पाहिलं. 'तळ्यातल्या मासोळीसारखी सुळकन निसटली' असं एक वाक्य एका शिष्येबद्दल होतं, ते आधीच हाताने 'माशासारखी' केलं, नाहीतर ती शिष्या धाकटीसारखी निसटली असती. मग 'शोधा'च्या चौकटीत मासोळी, 'बदला'च्या चौकटीत धाकटी, आणि 'सगळे बदला'.

संगणकाने क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला. आकडा तिच्या अंदाजापेक्षा बराच मोठा होता. ती जराशी चपापली, पण बाईंचा हात लिहिताना सैल सुटतो हे तिला माहीत होतं. खात्रीसाठी तिने पुन्हा मासोळी शोधून पाहिली.

सापडली.

पडद्यावर मात्र ती कुठेच नव्हती. कर्सर एका ठिकाणी जाऊन लुकलुकत होता, आणि तिथे मासोळीचा मागमूस नव्हता. तिने 'पुढचा शोधा' दाबलं. पुन्हा सापडली, पुन्हा दिसली नाही. तिने वैतागून आणखी एकदा 'सगळे बदला' दाबलं. यंत्राने पुन्हा आकडा दाखवला, या वेळी लहान. तिने पुन्हा शोधलं. पुन्हा सापडली.

"अरे, काय डोकं फिरलंय का याचं?" ती मोठ्याने म्हणाली.

"कोणाचं?" हिशेबनीस म्हणाले.

"बदललं तरी सापडतंय. सापडतंय तर दिसत नाहीये. दिसत नाहीये तर बदलतंय काय हे?"

तिने तिसऱ्यांदा दाबलं, तोच लहान आकडा आला. चौथ्यांदा दाबणार तेवढ्यात मालक दाराशी उभे राहिले. कोचबाईंनी त्यांना फोन केला होता. परवानगी दिलीय तर बहिणीला पानं आजच गेली पाहिजेत, नाहीतर ती पुन्हा फिरेल, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, शोध नीट चालत नाहीये," कात्री म्हणाली. "मला एकदा सबंध फाइल डोळ्यांखालून घालू द्या."

"होऊन जाईल हो. नाव बदललंत ना? तेवढंच तिला बघायचंय. बाकीचं छपाईच्या आधी बघा."

कात्रीने सुस्कारा सोडला. बदल तर सगळे आधीच तपासून झाले होते. तिने 'सगळे बदल स्वीकारा' दाबलं. लाल रेघा गेल्या, खोडलेलं कायमचं गेलं. पुन्हा मासोळी शोधली. 'काहीही सापडलं नाही.' गेली एकदाची, असं म्हणून तिने फाइल मालकांना पाठवली, मालकांनी ती भाचीला पाठवली, आणि कात्री उरलेला दिवस एका बागकामाच्या पुस्तकात कुंड्यांच्या मापांशी झगडत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत पोचली तेव्हा तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. केस आखूड कापलेले, पाठ ताठ, मांडीवर छापून आणलेली पानं. त्या दातांच्या डॉक्टर होत्या हे कात्रीला पुस्तकातून माहीत होतं. दवाखाना आता बंद केलेला, पण बघण्याची तऱ्हा तीच. समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच त्या तोंडाकडे बघत होत्या.

"मी धाकटी," त्या म्हणाल्या.

कात्रीने पर्स टेबलावर ठेवली. "नमस्कार. काही चुकलंय का?"

"ते तुम्हीच सांगा." धाकटीने पानं तिच्यासमोर सरकवली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

रिलेच्या प्रकरणाचा शेवट होता तो. 'पंचांनी लाल निशाण वर केलं,' हे वाक्य संपत होतं, आणि त्याच्यापुढे, पूर्णविरामाला चिकटून, एका ओळीत न मावता खालच्या ओळीवर, तिच्याही खालच्या ओळीवर उतरलेलं असं छापलं होतं: धाकटीधाकटीधाकटीधाकटीधाकटीधाकटी, आणि असंच पुढे. मध्ये जागा नाही, विराम नाही, काही नाही. कोणीतरी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराला लिहायला लावावं तसं.

कात्रीने ओळी पुन्हा वाचल्या. काय झालं ते तिला पुरतं कळलं नाही, पण कुठे झालं ते कळलं. नेमकी तीच पानं.

"हा तांत्रिक घोटाळा आहे," ती म्हणाली. "मी मनापासून माफी मागते. दुरुस्त करून..."

"घोटाळा आहे ते दिसतंय. माझा प्रश्न वेगळा आहे. इथे काय होतं?"

"म्हणजे?"

"माझ्या मुलीने मला सांगितलं तुमचं यंत्र कसं चालतं ते. मासोळी होतं तिथे धाकटी झालं. बरोबर? म्हणजे इथे इतक्या वेळा मासोळी होतं. नुसतंच मासोळी मासोळी कोणी लिहीत नाही. आजूबाजूला काहीतरी होतं आणि ते काढलंय. काय होतं?"

लेखकाने खोडलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडला तर कात्रीला दुसऱ्या दिवशी कामावर येता आलं नसतं.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "ते तुमच्या बहिणीने काढून टाकलंय. म्हणजे ते आता नाही."

"नाही कसं? हे काय आहे मग?" धाकटीने त्या ओळींवर नखाने टकटक केलं. "पूर्ण काढलं असतं तर मला कळलंही नसतं. आता कळलंय. आता मला झोप लागणार आहे का?"

उद्यापर्यंत कळवते असं सांगून कात्रीने धाकटीला जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन कोचबाईंना फोन लावला. रिसीव्हर लांब धरायचं ती विसरली, आणि मग तिला आठवण राहील अशी सोय झाली.

"मी खोडलं होतं!" कोचबाई ओरडल्या. "मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं! खोडलं म्हणजे खोडलं! आता तिला कळलं की मी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली! हे बघा, मनात येतं ते माणूस लिहितो! मग शहाणा होतो आणि खोडतो! माझा शहाणपणा तेवढा तुम्ही पुसून टाकलात!"

"मी नाही हो. त्या यंत्राने..."

"यंत्र कोण चालवत होतं?"

हेही खरंच होतं. कात्रीने फोन ठेवला. तिला रडू येत नव्हतं, पण कोणाला तरी धरून चार शब्द सुनवावेत असं फार वाटत होतं. आणि तसा माणूस तिच्या घरच्यांतच होता.

ती फाइली जिच्यात उघडायची ती लेखनप्रणाली बनवणाऱ्या कंपनीतच तिचा धाकटा भाऊ कामाला होता. शाळेत असल्यापासून जाड भिंगाचा चष्मा, म्हणून ती त्याला ढापण्या म्हणायची. त्याच्या ऑफिसातल्या लोकांसमोर म्हणणार नाही असं तिने एकदा कबूल केलं होतं. दुपारी ती थेट त्याच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जाऊन धडकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ढापण्या, इकडे ये."

त्याने तिची फाइल आणि तिची हकिगत दोन्ही नीट पाहिली. काय झालं ते त्याला चटकन कळलं, आणि तिचा राग त्यामुळे आणखी वाढला.

"ताई, हे बघ. बदलांची नोंद चालू असली की खोडलेलं फाइलीतून जात नाही. त्याच्यावर फक्त 'हे खोडलंय' असा शिक्का बसतो. आणि शोध चालतो फाइलीत. पडद्यावर नाही."

"मी पडद्यावर बघते. फाइलीत जाऊन राहत नाही."

"ऐक तर. 'बदला' म्हणजे दोन कामं. जुना शब्द खोडायचा, नवा घालायचा. इथे जुना आधीच खोडलेला. त्याला परत काय खोडणार? त्यामुळे तो तसाच राहिला. नवा मात्र शेजारी घातला गेला. आणि नवा शब्द खोडलेला नाही, तो नवा आहे. मग तू सगळं स्वीकारलंस. खोडलेलं गेलं, नवे शब्द उरले."

"म्हणजे पाडायच्या घरात तुम्ही नवे भाडेकरू आणून बसवलेत. मग घर पाडलं आणि ते रस्त्यावर."

"अं... हो. साधारण तसंच."

"आणि मी पुन्हा पुन्हा दाबलं तेव्हा?"

"तेव्हा जुना मासोळी तिथे होताच. त्यामुळे पुन्हा सापडला, पुन्हा शेजारी एक धाकटी आली. जितक्या वेळा दाबशील तितक्या वेळा."

कात्रीने कपाळावर हात मारला. "कोणत्या शहाण्याने ठरवलं हे?"

ढापण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "ठरवलं असं नाही. होत गेलं. हे बघ, वकिलांना खोडलेल्यातही शोधायचं असतं. समोरच्याने करारातून कोणतं कलम उडवलं ते त्यांना हवं असतं. तू म्हणशील खोडलेल्यात शोधूच नका, तर ते आमच्या दारात येऊन बसतील."

"मग शोधू दे ना त्यांना! शोधणं वेगळं आणि बदलणं वेगळं. बघायला कोणाची ना आहे? हात लावायला आहे."

"आणि उद्या तुझ्या कोचबाईंनी विचार बदलला, खोडलेलं परत घेतलं तर? बाकी पुस्तकात धाकटी, आणि तेवढ्या पानांत मासोळी. मग तूच म्हणशील, सगळे बदला म्हटलं होतं, सगळे का नाही बदलले?"

हे मात्र कात्रीच्या लक्षात आलं नव्हतं. तिने थोडा विचार केला. "मग खोडलेल्यातही बदला, पण नवा शब्दही खोडलेलाच ठेवा. त्याच्या अंगावर त्याचाच शिक्का."

"मग नोंदीत दिसेल की कोचबाईंनी 'धाकटी' खोडलं. त्यांनी तसं कधी लिहिलंच नव्हतं. त्यांनी 'मासोळी' लिहिलं आणि 'मासोळी' खोडलं. नोंद खोटी पडेल. करारात असं झालं तर कोर्टात जातील लोक."

शेजारच्या टेबलावरचा एकजण खाणं थांबवून ऐकत होता.

"ठीक आहे," कात्री म्हणाली. "मग खोडलेल्याला हात लावायचा नाही. आणि लावला नाही हे मला सांगायचं. इतके बदलले, इतके खोडलेल्या मजकुरात होते, ते सोडून दिले. बघायचे असतील तर बघा. एवढं सांगायला काय जातं तुमचं? मी तीनदा बटण दाबत बसले. तुमच्या यंत्राला ठाऊक होतं की ते शब्द मला दिसत नाहीत. एक अक्षर बोललं नाही ते."

"ही तक्रार जुनीच आहे आमच्याकडे," ढापण्या हळूच म्हणाला.

"मग?"

"बंद केलीय. 'अपेक्षित वर्तन' असा शेरा आहे तिच्यावर."

"अपेक्षित? कोणाला अपेक्षित? कोणी मारला तो शेरा?"

ढापण्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि ताटाकडे पाहिलं. कात्रीला उत्तर मिळालं. ती उठली, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाली, "आईला सांगते मी."

दोघांचीही पन्नाशी जवळ आली होती. तरी त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी धाकटी ठरल्याप्रमाणे आली. कोचबाई मात्र न ठरवता आल्या. जिना चढून दम लागलेला, हातात छत्री, आणि दारातच समोर बहीण. मालक दोघींकडे बघून म्हणाले, "चहा सांगतो," आणि निघून गेले. हिशेबनीसांनी कागद उगाच सारखे केले. ते काही उठले नाहीत.

मग धाकटी कात्रीला म्हणाली, "यांना विचारा, इथे काय होतं."

"तिला सांगा, जे होतं ते मी काढलंय," कोचबाई म्हणाल्या.

कात्रीची रात्र तशीही वाईट गेली होती. "मी निरोप्या नाही," ती म्हणाली. "दोघी एका खोलीत आहात. बोला की एकमेकींशी."

कोचबाईंनी छत्री भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. त्यांनी ती उचलली नाही. "शिव्या होत्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो नुसता खोलीपुरता होता. "लवकर उडी मारलीस म्हणून. मिरवायची घाई होती म्हणून. लिहिलं, वाचलं, आणि लाज वाटली. काढून टाकलं. यात तुला ऐकण्यासारखं काही नाही."

"मी लवकर उडी नाही मारली."

"पंचांनी पाहिलं, सगळ्या तलावाने पाहिलं..."

"मी तुझ्या हातावर उडी मारली. सराव तसाच होता. तुझा शेवटचा हात पाण्यात पडला की मी वाकायचं, आणि भिंतीला लागला की सुटायचं. त्या दिवशी तू शेवटचा हात मारलाच नाहीस. तरंगत आलीस."

"काय?"

"तरंगत आलीस, ताई. हात पुढे करून नुसती घरंगळलीस. मी वाकले होते. तोल गेला होता. मी काय हवेत थांबणार होते?"

कोचबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात पोरींना 'भिंत लागेपर्यंत हात थांबवायचा नाही' एवढं एकच वाक्य हजारदा ओरडून सांगितलं होतं, ती आता तोंड उघडत होती आणि मिटत होती.

"दमले होते मी," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"तू विचारलंस का? तू टॉवेल घेतलास आणि निघून गेलीस."

"तू सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलंस!"

"मग! उडी कोणी मारली होती?"

आणि दोघी पुन्हा त्याच भिंतीशी आल्या. आवाज चढले. चहा आला, कोणी प्यायलं नाही. एकदा कोचबाईंनी टेबलाच्या कडेला तलावाची भिंत करून हात कुठे होता ते दाखवलं, आणि धाकटीने त्यांचं मनगट धरून तो हात तसूभर मागे ओढला. "इथे होता." "खोटं." "इथे!" कात्रीला वाटलं की आपण बाहेर जावं, पण टेबल तिचं होतं आणि काम तिलाच पुरं करायचं होतं.

"एक विचारू?" दोघी श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा ती म्हणाली. "पुस्तकात काय ठेवायचं? त्या तीन ओळी तर काढतेच. पण मग प्रकरण निशाणावरच तुटतं. एखादं वाक्य लागेल."

"लिहा, तिच्यामुळे आम्ही बाद झालो," कोचबाई म्हणाल्या.

"असं छापलंत तर परवानगी परत घेते."

"बरं, मग काय लिहू? माझ्यामुळे?"

"ते तुझं तू बघ."

"'आमच्यातल्या एकीमुळे'?" कात्रीने सुचवलं. दोघींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते लगेच मागे घेतलं.

शेवटी ठरलेलं वाक्य अगदीच साधं होतं. 'त्या शर्यतीत आम्ही दोघी बाद झालो.' संघात बाकीच्या दोघीही होत्या, त्याही बाद झाल्या होत्या, पण तो मुद्दा काढायचं धाडस कात्रीला झालं नाही. 'दोघी' हा शब्द धाकटीने घालायला लावला. कोचबाईंनी तो काढायला सांगितला, मग राहू दे म्हणाल्या. कात्रीने बदलांची नोंद बंद करून वाक्य टंकलं आणि फाइल जतन केली. कोणी काय घातलं आणि काय काढलं हे फाइलीला कळायची काही गरज नव्हती.

दोघी एकत्र गेल्या नाहीत. धाकटी आधी निघाली. कोचबाईंनी छत्री उचलली, थोडा वेळ खिडकीतून खाली बघत राहिल्या, आणि मग "अगं, जरा थांब की!" असं खिडकीतूनच ओरडल्या. खालचा एक ट्रकवाला दचकून वर बघायला लागला. धाकटी थांबली की नाही हे कात्रीला तिच्या जागेवरून दिसलं नाही, आणि कोचबाई जिन्याने उतरल्या त्या नेहमीसारख्याच धाडधाड.

पुस्तक निघालं, बरं चाललं. खोडलेली पानं कात्रीशिवाय कोणी वाचली नाहीत. धाकटीने पुन्हा कधी मागितली नाहीत. भाची मात्र एकदा फोनवर म्हणाली की दोघी आता थेट भांडतात आणि तिचं निरोपांचं काम सुटलं.

ढापण्याने ती जुनी तक्रार पुन्हा उघडली. आईपर्यंत गोष्ट गेली होती, हे कारण त्याने ऑफिसात सांगितलं नसावं. त्यावर तिथे बैठका झाल्या. एकाचं म्हणणं, लोकांना सवय झालीय, बदलू नका. दुसऱ्याचं म्हणणं, वेगळी खूण ठेवा, ज्याला हवं त्याने ती लावावी. तिसऱ्याला मुळात खोडलेलं खोडलेलंच का म्हणावं असा प्रश्न पडला होता. ढापण्या दर आठवड्याला घरी येऊन हे सगळं सांगायचा आणि कात्री दर आठवड्याला नव्याने तापायची.

शेवटी नवी आवृत्ती आली. तिने ती घेतली आणि पहिली गोष्ट ही केली की एक कोरी फाइल उघडली, नोंद चालू केली, चार शब्द लिहिले, त्यातले दोन खोडले, आणि 'सगळे बदला' दाबलं. यंत्राने खोडलेल्यांना हात लावला नाही. तिने पुन्हा दाबलं. तरीही नाही. उलट एक छोटी चौकट वर आली. तिच्यात लिहिलं होतं: 'हटविण्यात आलेल्या मजकुरामधील आढळ बदलण्यापासून वगळण्यात आलेले आहेत.'

कात्रीने ते दोनदा वाचलं. मग तिने भावाला फोन लावला.

"बघितलंस?" तो खुशीत म्हणाला. "तुला हवं होतं तस्सं."

"'आढळ' म्हणजे काय रे?"

"म्हणजे... जे आढळलं ते."

"आणि 'बदलण्यापासून वगळण्यात आलेले आहेत'? असं कोणी बोलतं का? 'खोडलेल्या मजकुरातले शब्द बदललेले नाहीत.' संपलं. कोणी लिहिलंय हे?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"ढापण्या?"

"आता हे सगळीकडे गेलंय, ताई. पुढच्या आवृत्तीत बघू."

"पुढची कधी?"

"होईल वर्षभरात."

कात्रीने चौकट बंद केली. कोऱ्या फाइलीत ते लांबलचक वाक्य स्वतः टंकलं, त्यातलं जे काढायचं ते खोडलं, जे घालायचं ते घातलं. लाल रेघा तशाच राहू दिल्या आणि ती फाइल त्याला पाठवून दिली.